कापसाच्या खोलीतल्या पिसवा

मंगळवार, ७ एप्रिल, सकाळी साडेसहा. केळझरच्या गोपिकाबाई धोटे यांनी घरातल्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं, दार लोटलं आणि खिडकी उघडायला आत गेल्या. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. खिडकी उघडून त्या वळल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांवर, घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत, काळे ठिपके होते. ठिपके उड्या मारत होते.

त्या ओरडल्या नाहीत. बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, न्हाणीत जाऊन पायांवर तांब्याने गरम पाणी ओतलं. पाण्यासोबत वाहून गेलेल्या पिसवा त्यांनी मोजल्या. सव्वीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिल्या.

खोली रंजितासाठी होती. रंजिता त्यांची एकुलती मुलगी, दोन वर्षांपूर्वी नाचणगावला दिलेली. पाच एप्रिलच्या पहाटे सावंगीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे दवाखान्यातून सुट्टी झाली की मायलेकी केळझरला येणार आणि सव्वा महिना राहणार, हे ठरलेलं होतं. खाट कोणत्या भिंतीला लागेल हे गोपिकाबाईंनी रंजिताला पाचव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. त्यांची स्वतःची आई त्यांच्या लग्नाआधी वारली. त्यांची दोन्ही बाळंतपणं सासरी झाली, आणि दोन्ही वेळा बाराव्या दिवशी त्या चुलीपुढे बसल्या होत्या. 

ती खोली पंचवीस वर्षं कापसाची होती. धोट्यांची पाच एकर शेती, त्यातल्या दोन एकरांत भाजीपाला, उरलेल्यात कपाशी. वेचलेला कापूस दिवाळीपासून त्या खोलीत पडायचा आणि होळीच्या आसपास निघायचा. यंदा डिसेंबरात घरच्या मांजरीने त्याच कापसात चार पिलं दिली; ती पुढे गावात चार घरी गेली. मांजरीचं नाव भुरी. भेंडीच्या पानावर भुरी, ती राखट पांढरी बुरशी, पडते तसा तिचा रंग, म्हणून मुलाने, वैभवने, ठेवलेलं. जानेवारीत घरातल्या सगळ्यांना खाज सुटली. कोणी डॉक्टरकडे गेलं नाही. कापूस घरात असला की खाजवतं, हे या भागात लहान मुलालाही माहीत आहे. खोबरेल तेल लावलं, कापूस विकला, खोली झाडली, भिंतींना चुना दिला, जमीन शेणाने सारवली आणि धूळ जाऊ नये म्हणून सोळा मार्चला कुलूप घातलं. खाज थांबली. म्हणजे खाज कापसाचीच होती, असं सगळ्यांनी धरलं.

"मी पंप काढतो," चंद्रभान म्हणाले. गोपिकाबाईंचे यजमान. पाठीवरचा फवारणीचा पंप गोठ्यात खुंटीला होता. "कपाशीवर मारलं ते औषध उरलं आहे अर्धी बाटली. दोन पंप मारले की खलास."

"त्या खोलीत दोन किलोचं लेकरू निजणार आहे."

"वास जाते ना चार दिवसांत."

"वास जाते. औषध कुठी जाते?"

पंप खुंटीलाच राहिला. गोपिकाबाई डबा घेऊन सव्वानऊच्या गाडीने सावंगीला गेल्या. त्या गेल्यावर चंद्रभान यांनी गोठ्याच्या कोनाड्यातून बैलांच्या गोचीडांचं औषध काढलं, बादलीत टाकलं आणि त्या पाण्याने भुरीला अंघोळ घातली. किती टाकलं याबद्दल घरात आजही एकमत नाही. ते म्हणतात टोपणभर. वैभव म्हणतो, बाटलीतली रेघ त्याने पाहिली होती, तीन टोपणं तरी गेली.

सावंगीला रंजिताच्या खाटेजवळ तिच्या सासूबाई, विमलाबाई भोयर, स्टुलावर बसल्या होत्या. गोपिकाबाई डबा ठेवायला वाकल्या आणि विमलाबाईंची नजर खाली गेली.

"विहीणबाई, पायाले काय झालं?"

"पिसवा चावल्या."

"वावरात?"

"नाई. घरात. रंजिताची खोली उघडली सकाळी, तठी निघाल्या."

रंजिताने डोळे मिटून घेतले. "आई, मच्छर म्हतलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"अन् तुले चावल्यावर काय म्हतलं असतं?"

विमलाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "हे पाहा. लेकरू अजून काचेच्या पेटीत आहे. माह्या बोटाएवढं त्याचं पाऊल आहे. मी नाई नेऊ देत तठी. सुट्टी झाली की नाचणगावले नेतो."

"पह्यलं बाळंतपण आहे जी."

"रीत मले नका सांगू. माह्या तीन लेकी माहेरी बाळंत झाल्या. एकीलेही पिसवांत नाई निजवलं मी."

गोपिकाबाईंनी डबा खाटेखाली सरकवला. मग विचारलं, "सुट्टी कधी म्हणतात?"

"वजन सव्वादोनच्या वर गेलं की. अठरा तारीख धरा म्हणाले."

"मग अठरापर्यंत मले द्या."

"अन् मांजर?"

"मांजराचं पाहतो."

"पाहतो नाई. मांजर घरात नको."

यावर गोपिकाबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या चार वाजता घरी पोचल्या तेव्हा भुरी अंगणात आडवी पडली होती. तिचे चारही पाय थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती. वैभवने टमाट्याच्या रिकाम्या कॅरेटमध्ये पोतं घातलं, तिला त्यात ठेवलं, वरून जाळी बांधली आणि मोटरसायकलवर सेलूच्या जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता धरला. चंद्रभान उंबऱ्यावर बसून होते. "बैलाले काही नाई होत," ते दोनदा म्हणाले.

बुधवारी सकाळी अकराला गोपिकाबाई स्वतः भुरीला आणायला गेल्या. जनावरांच्या डॉक्टर मोहिनी मॅडम तिशीच्या आतल्या. त्यांनी मांजरीला रात्रीच भांड्याच्या साबणाने दोनदा धुवून काढलं होतं, इंजेक्शन दिलं होतं. थरथर थांबली होती. भुरीने सकाळी दूध घेतलं होतं.

"कोणी घातलं औषध?"

"मालकानं. बैलाले चालते म्हणे."

"बैल चारशे किलोचा, ही तीन किलोची. आणि वजनाचं सोडाच. ते औषध मांजराला पचतच नाही. थोडं असो नाहीतर जास्त. घरी सांगा."

"सांगतो. मॅडम, हिले नदीपार सोडून दिली तं पिसवा जातीन का?"

"सोडा. मग त्या तुम्हालाच चावतील. आत्ता निदान मांजर आहे त्यांना." मॅडमनी टेबलावर बोटाने एक छोटा गोल काढला आणि त्याभोवती मोठा. "दहा धरा. त्यातली एक पिसू हिच्या अंगावर. बाकीच्या नऊ घरात. अंडी, अळ्या, कोष. कोष म्हणजे अळीने स्वतःभोवती विणलेली पिशवी. ती पिशवी असेपर्यंत औषधही आत जात नाही. पाऊल वाजलं, ऊब लागली, की फुटते आणि पिसू बाहेर. त्या खोलीत काय होतं?"

"कापूस. त्यात हिनं पिलं देलती."

मॅडमचं लिहिणं थांबलं. "जमीन कसली?"

"मातीची. शेणानं सारवतो."

"शेवटचं कधी सारवलंत?"

"कुलूप घालाच्या आधी. चांगले दोन हात देल्ले. बाळंतिणीची खोली म्हणून."

"म्हणजे अंधार दिलात, ओल दिलीत, आणि तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. याहून चांगलं बाळंतपण त्यांचं कोणी केलं नसतं."

गोपिकाबाई हसल्या नाहीत. "त्यायले खपत नाई असं काय आहे?"

"कोरडेपणा. आणि ऊन. कडक ऊन, थेट अंगावर."

मॅडमनी आणखी चार गोष्टी सांगितल्या. मांजरीला उवांच्या फणीने रोज विंचरायचं आणि फणी साबणाच्या पाण्यात झटकायची. पाच दिवसांनी तिच्या मानेवर घालायला थेंबांचं औषध देऊ, ते मांजराचंच असेल. ते घातलं की तिला खोलीत मोकळं फिरू द्यायचं, कारण जी नवी पिसू तिच्या अंगावर चढेल ती मरेल. चौथी गोष्ट मोज्यांची. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालायचे, खोलीत दहा मिनिटं पाय आपटत फिरायचं, बाहेर येऊन मोजायचं. "आकडा लिहून ठेवा. नाहीतर पहिल्या दिवशी घाबरून जाल आणि चौथ्या दिवशी उगाच खूश व्हाल."

वैभवचे शाळेतले मोजे ट्रंकेत निघाले. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता गोपिकाबाई ते घालून खोलीत फिरल्या. अडतीस.

खोलीला एक खिडकी, तीही गोठ्याकडे. ऊन जमिनीवर पडायचं तर एकच वाट होती, वरून. छप्पर कवेलूंचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्याआधी, कवेलू उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा चढवतात. ते काम गावात लहानू करतो. वय पासष्टच्या आसपास, तरी अजून शिडी न लावता चढतो. गुरुवारी सकाळी सात वाजता गोपिकाबाईंनी त्याला घरून बोलावून आणलं.

"वहिनी, एप्रिल चालू आहे. दीड महिना आहे अजून."

"माहीत आहे."

"अन् उतरवले तं लगेच चढवा लागतीन. उघडं नाई ठेवत कोणी."

"मले सात दिवस उघडं ठेवाचं आहे."

लहानूने चंद्रभान यांच्याकडे पाहिलं. चंद्रभान यांनी आकाशाकडे पाहिलं. मंगळवारपासून ते घरात कमी बोलत होते.

"कायले पण?"

"आत ऊन पाह्यजे."

"आजवर लोकायनं मले पाणी आत येऊ नये म्हणून बोलावलं," लहानू म्हणाला आणि चढला. "ऊन आत यावं म्हणून पह्यल्यांदा."

दुपारपर्यंत कवेलू अंगणात उतरले, लाकडी सांगाडा उघडा पडला. रस्त्यावरून जाणारी शेजारची अन्नपूर्णा थांबली. "काऊन वो गोपिका, बाळंतिणीले चांदण्या दाखवतं का?"

"तिच्या लेकीले दाखवतो. तू येजो पाहाले."

जमिनीचं काम नवरा-बायकोने मिळून केलं. पंचवीस वर्षांच्या सारवणाचे थर एकावर एक बसले होते, दोन बोटं जाड. ते कुदळीने उचकटले, खुरप्याने खरवडले. पोपड्यांच्या खाली कापसाचे तंतू निघाले, सरकीही निघाली. चौदा घमेली भरली. ती माती पत्र्यावर पातळ पसरून दिवसभर तापवली आणि मग बांधाजवळच्या खड्ड्यात चुन्याखाली पुरली. चंद्रभान यांना त्या दिवशी भेंडी तोडायची होती. ते गेले नाहीत, दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. भेंडी एक दिवस चुकली की निबर होते. शनिवारी तोडली तेव्हा निम्मी बैलांपुढे टाकली. कोणी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं.

पुढच्या तीन खोल्यांत फरशी आहे, वर स्लॅबची गच्ची. तिथे काम सोपं होतं आणि कंटाळवाणं. गाद्या, गोधड्या, उशा सगळं बाहेर. धुण्यासारखं होतं ते उकळत्या पाण्यात, बाकीचं तापल्या गच्चीवर, दुपारी उलटवून. झाडून दिवसातून दोन वेळा, आणि केर चुलीत. पलंगाखाली, कपाटामागे, देवघराच्या चौरंगाखाली. भुरीला सकाळ-संध्याकाळ विंचरण्याचं काम वैभवकडे होतं. पहिल्या दिवशी फणीत अकरा पिसवा आल्या, चौथ्या दिवशी दोन. भुरीने त्याला तीनदा ओरबाडलं.

मागच्या खोलीतल्या पिसवांची मोजणी अशी झाली. शुक्रवारी संध्याकाळी एकवीस. शनिवारी तेरा. वैभवने बाळासाठी आणलेला नवा तापमापक शनिवारी दुपारी दोन वाजता खोलीच्या जमिनीवर ठेवला. तो ताप मोजायचा, बेचाळीसच्या पुढे त्याला मोजता येत नाही. त्याने नुसतं एक अक्षर दाखवलं आणि तो बंद पडला. पुन्हा चालू झाला, पण त्यावर आता भरवसा नाही. रविवारी सहा. सोमवारी भुरीच्या मानेवर थेंब घातले आणि तिला खोलीत सोडलं. ती छपराच्या सांगाड्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावलीत जाऊन बसली. सोमवारी एक. मंगळवारी शून्य.

रंजिताचा फोन रोज संध्याकाळी येत असे. वजन सांगायची. दोन एकशे दहा. दोन एकशे चाळीस. मंगळवारी दोन एकशे नव्वद.

"आई, किती निघाल्या?"

"आज नाई निघाली एकही."

"आत्याबाईले सांगू?" रंजिताने सासूबाईंबद्दल विचारलं.

"नको. एका दिवसाचं काय सांगतं."

बुधवारी, पंधरा तारखेला, दुपारी पावणेचारला वैभवच्या फोनवर वादळी पावसाचा इशारा आला. पश्चिमेकडचं आकाश तेव्हा निळंच होतं. चार वाजता ते तांबूस झालं. लहानू भाचीच्या लग्नाला सिंदीला गेला होता. कवेलू गुरुवारी चढवायचे ठरले होते.

चंद्रभान वर चढले, वैभव शिडीवर, गोपिकाबाई खालून कवेलू देत होत्या. अन्नपूर्णा स्वतःहून आली आणि साखळीत उभी राहिली. चार वाजून पंचवीस मिनिटांनी पहिले थेंब पडले तेव्हा दोन तृतीयांश छप्पर झाकलं होतं. उरलेल्यावर त्यांनी भाजीच्या वाफ्यावरचा मल्चिंगचा प्लास्टिकचा कागद ओढला आणि कडांना कवेलू ठेवले. वाऱ्याने एक कड उचलली. चंद्रभान त्या कडेवर पालथे पडून राहिले. पाऊस वीस मिनिटं चालला. बोराएवढी गारही पडली. ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या पाठीवर गारांचे वळ होते.

"लागलं का वो?"

"बैलाले काही नाई होत," ते म्हणाले. आठ दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

खोलीत गोठ्याकडचा कोपरा भिजला होता. तीन फूट बाय चार. गोपिकाबाईंनी तिथली माती काढली, कोरडा मुरूम आणि चुना धुमसून बसवला, वर निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं. गुरुवारी लहानूने येऊन उरलेलं छप्पर नीट केलं. संध्याकाळी मोज्यांवर दोन निघाल्या. दोन्ही त्याच कोपऱ्यात.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता विमलाबाई आल्या. कळवून आल्या नव्हत्या. जावई सचिन यांनी त्यांना आपल्या पांढऱ्या गाडीतून दारात सोडलं आणि ते मंदिराकडे जाऊन आले. विमलाबाई पाणी न घेता सरळ मागच्या खोलीत गेल्या. भिंतींना नवा चुना होता. खाट होती, मच्छरदाणी होती, खाटेचे चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले. त्यांची नजर जमिनीवर गेली.

"सारवलं नाई?"

"नाई. मॅडमनं मना केलं. ओल नको म्हणे."

"बाळंतिणीची खोली अन् सारवण नाई." त्या एवढंच म्हणाल्या. मग लुगडं घोट्यांच्या वर घेऊन भुईवर बसल्या. "मी बसतो अठी थोडी. तुम्ही तुमचं काम करा."

गोपिकाबाईंनी काम केलं नाही. त्या दारात उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी भुरी आली, विमलाबाईंना वळसा घालून खाटेखाली जाऊन बसली.

"हे अजून आहेच."

"आहे. तुम्ही नको म्हतलं होतं, ध्यानात आहे माह्या. पण तिच्या मानेवर औषध आहे. जे काही उरलं-सुरलं निघते ते तिच्यावर चढते अन् मरते. तिले काढली तं ते आपल्यावर येईन. लेकरू येईन तेव्हा तिले पडवीत ठेवीन, दार लावून. पण घरातून नाई काढत."

"तुमच्या मनानं?"

"मॅडमच्या सांगण्यानं. अन् माह्याही मनानं."

विमलाबाईंनी भुरीकडे पाहिलं. भुरीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या एकूण चाळीस मिनिटं बसल्या. उठल्यावर दाराच्या उजेडात दोन्ही पाय वळवून वळवून पाहिले, टाचेमागेही पाहिलं. काही नव्हतं. मग त्यांनी पाणी मागितलं, दुसरा पेलाही घेतला. उशाकडची बाजू कोणती, असं विचारलं. गोपिकाबाईंनी दाखवली. सव्वाअकराला गाडीत बसताना म्हणाल्या, "उद्या दहाले सुट्टी आहे."

चंद्रभान यांच्या मते तो होकार होता. वैभवच्या मते नव्हता. संध्याकाळी सहा वाजता गोपिकाबाई मोजे घालून खोलीत गेल्या. दहा मिनिटं फिरल्या, दारात येऊन बसल्या, डावा मोजा पाहिला, उजवा पाहिला. उजव्याच्या घोट्यापाशी एक होती. चिमटीत धरून त्यांनी ती साबणाच्या पाण्यात टाकली.

"एकच आहे," चंद्रभान म्हणाले. "सकाळी त्या चाळीस मिनिटं बसून गेल्या, काही निघालं नाई. आता फोन नको करू."

"लेकरू त्यायचंही आहे."

"त्या नेतीन तिकडं."

"नेतीन."

"अकरा दिवस कायले मेलो मग आपण?"

गोपिकाबाईंनी फोन लावला. सहा वाजून वीस मिनिटांनी विमलाबाईंनी उचलला.

"आज निघाली."

"किती?"

"एक. पावसानं भिजला होता त्या कोपऱ्यात. काल दोन होत्या."

पलीकडे मागून बाळ रडल्याचा आवाज आला, मग कोणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा. "काल दोन होत्या हे सकाळी नाई सांगतलं तुम्ही."

"तुम्ही विचारलं नाई. पण सांगाले पाह्यजे होतं. चुकलं माह्यं."

"बरं," विमलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी दोघांनी तो कोपरा पुन्हा वीतभर खणला, माती बाहेर काढली, खड्डा निखाऱ्यांनी भाजला आणि गोठ्यामागचा जुना दगडी पाटा आणून त्यात बसवला. फटींत चुना भरला. शनिवारी, अठरा तारखेला, पहाटे साडेपाचला मोज्यांवर शून्य. साडेसहाला पुन्हा शून्य. सात वाजता गोपिकाबाईंनी विमलाबाईंना फोन लावला, तो उचलला गेला नाही. साडेसातला रंजिताला लावला. तिचा व्यस्त होता.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी रंजिताचा संदेश आला. सुट्टी झाली, वजन दोन दोनशे ऐंशी, निघतो. कुठे निघतो ते लिहिलं नव्हतं. सावंगीहून केळझरला यायचं तर वर्धा शहरातून आणि सेलूवरून यावं लागतं, साधारण पाऊण तास. नाचणगावला जायचं तर गाडी शहराकडे वळत नाही. वैभवने उलट संदेश पाठवला. तो पोचला, पण वाचला गेल्याची खूण आली नाही. अकरा वीसला त्याने सचिन यांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

गोपिकाबाईंनी भुरीला पडवीत नेलं आणि दाराला कडी घातली. चुलीवर हंडा चढवला. मग मोजे घालून त्या पुन्हा खोलीत गेल्या.

चंद्रभान मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत, म्हणजे पाऊण तासाच्या वाटेला सव्वा तास होत आला तोवर, सेलूच्या बाजूने पांढऱ्या चारचाकी सात आल्या. त्यातली एकही सचिन यांची नव्हती.